साम्राज्यं संपली कशी, हे लिहिताना या चुका टाळा

वहीत एक ओळ होती: ‘19 डिसेंबर 1961 रोजी गोवा स्वतंत्र झाला आणि पोर्तुगीज साम्राज्याचा अंत झाला.’ अक्षर सुंदर, तारीख बरोबर, खाली पट्टीनं रेघ मारलेली. तरी त्या एका ओळीत तीन चुका आहेत. बारावीच्या आणि स्पर्धा परीक्षांच्या वह्या तपासताना याच तीन चुका मला वेगवेगळ्या देशांच्या नावानं वर्षानुवर्षं भेटत आल्या आहेत. दिनविशेषाच्या चौकटीत आणि भाषणांतही त्या असतात. म्हणून आज एकदा नीट बसून लिहिते.

आधी त्या ओळीचंच बघू.

गोवा ‘स्वतंत्र’ झाला नाही, ‘मुक्त’ झाला. आपण 19 डिसेंबरला गोवा मुक्तिदिन म्हणतो, ते उगाच नाही. परकी सत्ता जाऊन नवा देश उभा राहणं वेगळं आणि परकी सत्ता जाऊन आधीच उभ्या असलेल्या देशात सामील होणं वेगळं. दादरा आणि नगर हवेली 1954 साली स्वयंसेवकांनी सोडवली. त्यात गायक-संगीतकार सुधीर फडकेही होते. तिथंही शब्द ‘मुक्ती’ हाच. उलट अंगोला किंवा मोझांबिक स्वतंत्र झाले, म्हणजे जगाच्या नकाशावर नवे देश आले.

पोर्तुगीज साम्राज्याचा अंतही त्या दिवशी झाला नाही. 1961 सालीच अंगोलात युद्ध पेटलं होतं. 1963 मध्ये पोर्तुगीज गिनीत (आजच्या गिनी-बिसाऊत) आणि 1964 मध्ये मोझांबिकमध्ये ते सुरू झालं. पोर्तुगालची तरुण पोरं आफ्रिकेच्या जंगलात वर्षानुवर्षं लढत राहिली आणि शेवटी त्यांच्याच सैन्यातल्या कप्तानांनी 25 एप्रिल 1974 रोजी लिस्बनमधली हुकूमशाही उलथवली. मग वर्ष-दीड वर्षात सगळं सुटलं: मोझांबिक 25 जून 1975, अंगोला 11 नोव्हेंबर 1975. मकाव तर 20 डिसेंबर 1999 पर्यंत पोर्तुगालकडे होतं. गोव्यानंतर तब्बल अडतीस वर्षं.

तिसरी चूक जास्त खोल आहे. ‘अंत’ कुणासाठी? गोव्याचे गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा यांना पोर्तुगालचे हुकूमशहा सालाझार यांनी शेवटपर्यंत लढायला सांगितलं होतं. त्यांनी शरणागती पत्करली, म्हणून मायदेशी परतल्यावर त्यांना सैन्यातून काढून टाकण्यात आलं. गोवा भारताचा आहे हे पोर्तुगालनं मान्य केलं ते 31 डिसेंबर 1974 च्या करारानं. आणि मोहन रानडे? 1955 साली बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात ते जखमी होऊन पकडले गेले. पुढं त्यांना पोर्तुगालला नेऊन लिस्बनजवळच्या किल्ल्यात ठेवलं. गोव्यात तिरंगा लागला, निवडणुका झाल्या, 1967 चा जनमत कौलही होऊन गेला. रानडे सुटले जानेवारी 1969 मध्ये. ज्या मुक्तीसाठी त्यांनी गोळी खाल्ली, ती येऊन सात वर्षं झाली होती आणि ते अजून त्याच राजवटीच्या कोठडीत होते. हे एकदा डोक्यात बसलं की ‘अमुक तारखेला साम्राज्य संपलं’ असं लिहिताना हात थांबतो.

एकच तारीख घोकणं

इंडोनेशिया कधी स्वतंत्र झाला? वर्गात निम्मे हात 1945 साठी वर जातात, निम्मे 1949 साठी. दोन्ही बरोबर, आणि नुसती एक लिहिली तर दोन्ही अपुऱ्या. जपाननं शरणागती जाहीर केल्यावर दोनच दिवसांत, 17 ऑगस्ट 1945 रोजी, सुकार्णोंनी जाकार्तातल्या आपल्या घरासमोर स्वातंत्र्याची घोषणा वाचली. डचांनी सत्ता सोडली 27 डिसेंबर 1949 रोजी. मधली चार वर्षं हाच खरा इतिहास आहे आणि उत्तरपत्रिकेत नेमकी तीच गायब असतात.

त्या चार वर्षांत आपली माणसंही आहेत. जपान्यांची शस्त्रं काढून घ्यायची आणि छावण्यांतल्या डच कैद्यांना सोडवायचं, हे काम ब्रिटिशांकडे आलं. त्यांनी ते हिंदी फौजेवर सोपवलं. ऑक्टोबर 1945 च्या अखेरीस सुराबाया बंदरात जी ब्रिगेड उतरली, तिच्या तीन पलटणींपैकी दोन मराठा लाइट इन्फंट्रीच्या होत्या. समोर होती नुकताच स्वतंत्र झालेला आपला देश राखायला निघालेली इंडोनेशियन पोरं. काहींकडे जपान्यांकडून मिळालेल्या बंदुका, काहींकडे नुसते टोकदार बांबू. शहरभर लहान लहान तुकड्यांत विखुरलेले आपले शिपाई घेरले गेले. 30 ऑक्टोबरला ब्रिगेडियर मॅलबी मारले गेले आणि 10 नोव्हेंबरला ब्रिटिशांनी शहरावर मोठा हल्ला चढवला. इंडोनेशियात 10 नोव्हेंबर हा आजही वीरदिन आहे.

साताऱ्या-कोल्हापूरकडचे शिपाई परक्या सरकारच्या हुकुमानं दुसऱ्या एका परक्या सरकारची वाट मोकळी करायला तिसऱ्याच देशात लढत होते, आणि त्याच वर्षी सातारा जिल्ह्यात प्रतिसरकार चालू होतं. भारतीय सैनिकांचा असा वापर होऊ नये म्हणून नेहरूंनी तेव्हाच आवाज उठवला होता. आपल्याकडे हा प्रसंग फारसा कुणी सांगत नाही, याचं मला वाईट वाटतं.

दुरुस्ती सोपी आहे. देशाच्या नावासमोर एक तारीख न लिहिता निदान तीन रकाने आखा: घोषणा कधी, राज्यकर्त्यांनी मान्यता कधी दिली, शेवटचं परकं सैन्य कधी गेलं. व्हिएतनामचं बघा. घोषणा 2 सप्टेंबर 1945 ची, पण फ्रेंचांचा पराभव झाला 7 मे 1954 रोजी दिएन बिएन फूला. इजिप्तला ब्रिटिशांनी 1922 सालीच ‘स्वतंत्र’ म्हटलं आणि सुएझ कालव्यावरचा त्यांचा शेवटचा सैनिक हलला 1956 च्या जूनमध्ये. गिनी-बिसाऊनं 1973 मध्ये स्वातंत्र्य घोषित केलं, पोर्तुगालनं ते मानलं पुढच्या वर्षी. लढ्याचे नेते अमिल्कार काब्राल यांना यातलं काहीच बघायला मिळालं नाही, घोषणेच्या आठ महिने आधी त्यांचा खून झाला होता. तीन रकाने भरले की उत्तर आपोआप कथा बनतं. नेदरलँड्सच्या पंतप्रधानांनी 17 ऑगस्ट 1945 ही तारीख संसदेत पूर्णपणे मान्य केली ती जून 2023 मध्ये. म्हणजे तारखेवरचा वाद आत्ताआत्तापर्यंत चालू होता.

राज्यकर्त्यांचे शब्द जसेच्या तसे उचलणं

ही चूक मराठीत फार होते, कारण इंग्रजी पुस्तकातला शब्द आपण सरळ उतरवून घेतो. डचांनी 1947 आणि 1948 मध्ये इंडोनेशियावर तोफा, विमानं, रणगाडे घेऊन दोन मोहिमा केल्या. त्यांना नाव दिलं ‘पोलीस कारवाई’. का? कारण पोलीस कारवाई स्वतःच्या घरात होते. एकदा तो शब्द वापरला की इंडोनेशिया डचांचंच घर ठरतं. मराठवाड्यातल्या वाचकांना ‘पोलीस ॲक्शन’ हा शब्द वेगळा सांगायला नको, 1948 च्या सप्टेंबरात हैदराबादेत आपल्या सरकारनंही तोच वापरला होता. दोन्ही घटना सारख्या आहेत असं मी अजिबात म्हणत नाही. शब्द मात्र एकच काम करतो, ‘हा आमचा अंतर्गत मामला आहे’ एवढं तो जगाला सांगतो.

असे शब्द ओळखायला शिका. मलायात 1948 ते 1960 बारा वर्षं लढाई चालली, तिला ‘आणीबाणी’ म्हटलं गेलं. पोर्तुगालनं 1951 मध्ये घटना बदलून वसाहतींना ‘सागरपार प्रांत’ केलं. पुढं 1955 मध्ये संयुक्त राष्ट्रांत दाखल झाल्यावर त्यांचं म्हणणं हेच, की आमच्याकडे वसाहती नाहीतच, गोवा हा पोर्तुगालचा प्रांत आहे. फ्रान्सनं अल्जीरियाचे 1848 मध्येच फ्रेंच जिल्हे केले होते. त्यामुळे 1954 ते 1962 पर्यंत जे काही तिथं झालं, त्याला फ्रान्समध्ये कायद्यानं ‘युद्ध’ म्हणता येत नव्हतं. ‘सुव्यवस्था राखण्याची कारवाई’ असा शब्दप्रयोग होता. तो बदलून ‘युद्ध’ केला तो 1999 च्या कायद्यानं. आठ वर्षं युद्ध चाललं आणि त्याला युद्ध म्हणायला आणखी सदतीस वर्षं लागली.

तेव्हा असा शब्द आला की त्याला एकेरी अवतरणात ठेवा आणि लगेच पुढच्या वाक्यात प्रत्यक्ष काय घडलं ते लिहा. एवढं केलं तरी निम्मं काम झालं.

‘स्वातंत्र्य दिलं’

हे क्रियापद मी वहीत लाल पेनानं गोल करते. ‘ब्रिटिशांनी 1957 साली घानाला स्वातंत्र्य दिलं.’ वाक्यात कर्ता ब्रिटिश, घाना नुसता हात पुढं करून उभा. आता हेच उलट बाजूनं लिहून बघा. 28 फेब्रुवारी 1948. ब्रिटिशांच्या बाजूनं ब्रह्मदेशात लढून परतलेले माजी सैनिक आक्रा शहरात अर्ज घेऊन गव्हर्नरच्या वाड्याकडे निघाले. मागणी पेन्शनची, नोकरीची. हातात शस्त्र नव्हतं. पोलीस अधिकाऱ्यानं गोळी घातली, तीन माजी सैनिक जागीच गेले. शहर पेटलं. दोन वर्षांनी स्वातंत्र्यलढ्याचे नेते क्वामे एन्क्रुमा यांना तुरुंगात टाकलं, तर फेब्रुवारी 1951 च्या निवडणुकीत त्यांचा पक्ष जिंकला आणि ते तुरुंगाच्या दारातून निघून थेट सरकार चालवायला गेले. सहा वर्षांनी, 6 मार्च 1957 रोजी, गोल्ड कोस्टचं घाना झालं. यात ‘दिलं’ कुठं बसवणार?

पण इथंच दुसऱ्या टोकाला जायची घाई होते. ‘केवळ लढ्यानंच’ असं लिहिणारे विद्यार्थी साम्राज्याची तिजोरी उघडून बघतच नाहीत. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटन कंगाल झालं होतं. अमेरिकेकडून त्यांनी 1946 मध्ये पावणेचार अब्ज डॉलरचं कर्ज काढलं. त्याची एक अट म्हणून 15 जुलै 1947 पासून पौंड डॉलरमध्ये बदलायला मोकळा केला आणि डॉलर इतक्या वेगानं आटले की पाच आठवड्यांत ती मुभा बंद करावी लागली. त्या पाच आठवड्यांच्या शेवटाकडे 15 ऑगस्ट येतो, हे लक्षात घ्या. शिवाय युद्धात भारतानं पुरवलेल्या मालापोटी आणि सैन्यापोटी ब्रिटनच भारताला सुमारे 1,300 दशलक्ष पौंड देणं लागत होतं. दीडशे वर्षं ज्या देशाकडून घेतलं, त्याचेच ते आता ऋणको झाले होते.

म्हणून प्रत्येक देशासाठी दोन प्रश्न शेजारी शेजारी ठेवा: राज्य करणं कशामुळे अशक्य झालं, आणि राज्य करणं कशामुळे परवडेना झालं? पहिल्याचं उत्तर त्या देशाच्या रस्त्यावर सापडतं, दुसऱ्याचं राज्यकर्त्यांच्या राजधानीत.

इथं एक पोटचूक आहे, आणि ती मुंबईशी जोडलेली असल्यामुळे हळवेपणानं होते. 18 फेब्रुवारी 1946 ला मुंबईत ‘तलवार’ या नौदलाच्या तळावर खलाशांनी बंड केलं. खराब जेवण आणि अधिकाऱ्यांच्या शिव्या हे निमित्त. बघता बघता ते कराचीपर्यंत पसरलं, गिरण्या बंद पडल्या, परळ-लालबागचे कामगार रस्त्यावर आले आणि गोळीबारात मुंबईत दोनशेहून जास्त माणसं मेली. दुसऱ्याच दिवशी, 19 फेब्रुवारीला, लंडनमध्ये पंतप्रधान ॲटलींनी भारतात कॅबिनेट मिशन पाठवण्याची घोषणा केली. लगेच लिहिलं जातं: ‘बंडामुळे कॅबिनेट मिशन आलं.’ पण मिशन पाठवायचा निर्णय जानेवारीतच झालेला होता. आधी-नंतर म्हणजे कारण-परिणाम नव्हे. बंडाचं महत्त्व यानं तसूभरही कमी होत नाही. ते दुसऱ्या ठिकाणी आहे: ज्या फौजेच्या जिवावर राज्य चालत होतं, ती आता हुकूम ऐकेलच याची खात्री राहिली नाही. हे लिहा, म्हणजे गिरणगावातल्या त्या माणसांना न्याय मिळेल.

‘ब्रिटिश शांतपणे गेले’

फ्रेंच लढले, पोर्तुगीज लढले, ब्रिटिश मात्र समजूतदारपणे निघून गेले, असं चित्र आपल्या डोक्यात असतं. भारताच्या बाबतीत फाळणीचं रक्त आपण वेगळ्या खात्यावर टाकतो म्हणून ते टिकतं. केनियाकडे बघितलं की ते टिकत नाही.

ऑक्टोबर 1952 मध्ये केनियात आणीबाणी लागली. सुपीक डोंगराळ जमीन गोऱ्या वसाहतवाल्यांनी घेतलेली, किकुयू लोक स्वतःच्याच जमिनीवर मजूर. जमिनीच्या मागणीतून माऊ माऊ उठाव झाला. त्यात गोरे वसाहतवाले मारले गेले 32. ब्रिटिश न्यायालयांनी फासावर चढवलेल्यांचा आकडा 1,090. छावण्यांत डांबलेल्यांची आणि काटेरी कुंपणाच्या गावांत कोंडलेल्यांची गणती तर लाखांत जाते. आणि हे सगळं होत असताना नैरोबीत भारताचे कमिशनर होते औंधचे अप्पासाहेब पंत, भवानराव पंतप्रतिनिधींचे चिरंजीव. ज्या छोट्या संस्थानात 1939 मध्येच प्रजेच्या हाती कारभार दिला गेला, तिथून आलेला हा माणूस आफ्रिकी नेत्यांशी मोकळेपणानं भेटतो-बोलतो, हे तिथल्या वसाहत सरकारला सलत होतं. 1954 मध्ये त्यांनी नैरोबी सोडली.

मग आपल्याला ‘शांतपणे गेले’ असं का वाटतं? त्याचं एक कारण कागदांत आहे. निघताना ब्रिटिश अधिकाऱ्यांना हुकूम होता, की पुढच्या सरकारच्या हाती पडल्यास आपली अडचण होईल असे कागद मागं ठेवू नका. कागद जाळले तर राखसुद्धा कुस्करून टाका. समुद्रात बुडवायचे तर पेट्यांना वजन बांधा आणि किनाऱ्यापासून लांब, खोल, प्रवाह नसलेल्या पाण्यात सोडा. जे जाळलं नाही त्यातलं बरंचसं गुपचूप इंग्लंडला नेलं. केनियातल्या म्हाताऱ्या छळग्रस्तांनी लंडनच्या कोर्टात दावा लावला, तेव्हा 2011 मध्ये सरकारला कबूल करावं लागलं की 37 वसाहतींच्या सुमारे 8,800 फायली त्यांच्याकडे दडलेल्या आहेत. 2013 मध्ये 5,228 जणांना मिळून 1 कोटी 99 लाख पौंड भरपाई मिळाली. तेव्हा त्यांतले बरेचजण सत्तरी-ऐंशीच्या घरात होते.

म्हणून ‘पुरावा सापडत नाही’ एवढ्यावर ‘घडलं नाही’ असं लिहू नका. आधी विचारा, कागद कुणाच्या ताब्यात होते?

बर्लिनचं टेबल

‘1884-85 च्या बर्लिन परिषदेत युरोपीय देशांनी पट्टीनं रेघा मारून आफ्रिका वाटून घेतली.’ वाचायला जोरदार, पण चुकीचं. बर्लिनमध्ये वाटणीचे नियम ठरले: किनाऱ्यावर ताबा सांगायचा तर तो प्रत्यक्ष हवा, इतरांना कळवायला हवं, काँगो आणि नायजर नद्यांतून व्यापार मोकळा हवा. प्रत्यक्ष सीमा पुढची वीस-पंचवीस वर्षं दोन-दोन देशांच्या करारांनी आणि जमिनीवर फिरलेल्या सीमा आयोगांनी ठरवल्या. इथिओपियानं तर 1896 मध्ये अदवाला इटलीला हरवून स्वतःची सीमा स्वतः राखली.

मग नव्या देशांनी या सीमा बदलल्या का नाहीत? हा प्रश्न कुणी विचारत नाही, आणि खरा रस त्यातच आहे. जुलै 1964 मध्ये कैरोत आफ्रिकी देशांनी ठराव केला की स्वातंत्र्याच्या वेळी मिळालेल्या सीमा पाळायच्या. एक सीमा उसवली की सगळं वस्त्र उसवेल, ही भीती. सोमालिया आणि मोरोक्को यांना ते पटलं नाही. दक्षिण सुदान 2011 मध्ये वेगळा झाला, तो अपवाद ठरण्याइतका हा नियम टिकला.

1960 चं वर्ष साजरं करून थांबणं

त्या वर्षी आफ्रिकेतले 17 देश स्वतंत्र झाले. त्यांतले 14 फ्रेंचांच्या अखत्यारीतले. 14 डिसेंबरला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत वसाहती संपवण्याचा ठराव 89 विरुद्ध शून्य असा मंजूर झाला. नऊ देश तटस्थ राहिले, त्यांत ब्रिटन, फ्रान्स, पोर्तुगाल, बेल्जियम, अमेरिका सगळे होते. इथपर्यंत सगळ्यांचं पाठ असतं. पण 17 नावांची यादी लिहून पुढं जाऊ नका. एक देश घ्या आणि त्यात उतरा. मी नेहमी काँगो घ्यायला सांगते.

बेल्जियमनं जानेवारी-फेब्रुवारी 1960 मध्ये ब्रुसेल्सला बैठक घेतली आणि तारीख ठरवली 30 जून. तयारीला पाच महिने, आणि पदवीधर काँगोवासी बोटांवर मोजण्याइतके. सैन्यात एकही काळा अधिकारी नाही. स्वातंत्र्याच्या सोहळ्यात बेल्जियमचे राजे बोदवाँ यांनी आपल्या पूर्वजाचं, राजा लिओपोल्डचं कौतुक केलं. हा तोच लिओपोल्ड, ज्याच्या रबराच्या हव्यासानं तिथली गावंच्या गावं ओस पडली होती. मग कार्यक्रमपत्रिकेत नाव नसलेले पंतप्रधान पात्रिस लुमुंबा उठले आणि अपमान, मार, सक्तीची मजुरी सगळं राजासमोर बोलून गेले.

पाच दिवसांनी सैन्यप्रमुख जनरल जान्सेन्स यांनी सैनिकांसमोर फळ्यावर एक समीकरण लिहिलं: ‘स्वातंत्र्यापूर्वी = स्वातंत्र्यानंतर’. म्हणजे तुमच्यासाठी काही बदललेलं नाही. सैन्यानं बंड केलं. 11 जुलैला तांब्याच्या खाणींचा कटांगा प्रांत बेल्जियमच्या पाठबळावर फुटून निघाला. 17 जानेवारी 1961 ला त्याच कटांगात लुमुंबांना गोळ्या घालून मारलं आणि मृतदेह आम्लात विरघळवला. उरला एक दात, तो एका बेल्जियन पोलीस अधिकाऱ्यानं स्वतःकडे ठेवला होता. जून 2022 मध्ये बेल्जियमनं तो लुमुंबांच्या मुलांच्या हाती दिला.

काँगोत गेलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या फौजेत भारताचे सैनिक होते. 5 डिसेंबर 1961 ला कटांगातल्या एलिझाबेथव्हिलमध्ये कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया यांना वीरमरण आलं, त्यांना परमवीर चक्र मिळालं. दोनच आठवड्यांनी गोव्यात फौजा शिरल्या. भारतीय लष्कराच्या त्या डिसेंबरच्या या दोन गोष्टी आपल्या पुस्तकांत वेगवेगळ्या धड्यांत पडतात. विद्यार्थ्यांनी त्या एकत्र वाचाव्यात असं मला मनापासून वाटतं.

नावांचा गोंधळ

हे झटपट. गिनी, गिनी-बिसाऊ आणि विषुववृत्तीय गिनी हे तीन देश, राज्यकर्ते अनुक्रमे फ्रेंच, पोर्तुगीज, स्पॅनिश. काँगो दोन, एक बेल्जियमचा, एक फ्रेंचांचा. उत्तर ऱ्होडेशियाचा झांबिया 1964 मध्ये झाला. दक्षिण ऱ्होडेशियाच्या बाबतीत मात्र सापळा आहे. 11 नोव्हेंबर 1965 ला तिथल्या मूठभर गोऱ्या सरकारनं ब्रिटनपासून ‘स्वातंत्र्य’ जाहीर केलं, कारण त्यांना काळ्या बहुसंख्येच्या हाती सत्ता जाऊ द्यायची नव्हती. ते वसाहतवादाचा शेवट म्हणून मोजू नका. खरी तारीख 18 एप्रिल 1980, देश झिम्बाब्वे.

आणि यादी 1947 पासून सुरू करू नका. हैतीतल्या गुलामांनी फ्रेंच फौजा हरवून 1 जानेवारी 1804 ला देश स्थापन केला, तेव्हा पुण्यात दुसरा बाजीराव गादीवर होता.

झेंडा चढला, गोष्ट संपली

हैतीवरूनच पुढं जाऊ. 1825 मध्ये फ्रान्सची लढाऊ जहाजं हैतीच्या बंदरात आली आणि 15 कोटी फ्रँक मागितले. कशाचे? गमावलेल्या मळ्यांचे आणि गुलामांचे. रक्कम पुढं कमी झाली, पण ती फेडायला काढलेल्या कर्जांचं ओझं विसाव्या शतकापर्यंत पुरलं. इंडोनेशियानंही 1949 मध्ये डच वसाहत सरकारचं चार अब्ज गिल्डरहून जास्त कर्ज डोक्यावर घेतलं. ज्या फौजेनं त्यांच्यावर गोळ्या झाडल्या, तिच्या खर्चाचा वाटाही त्यात होता. 1958 मध्ये फ्रेंच गिनीनं सार्वमतात ‘नको’ म्हटलं, तर फ्रेंच अधिकारी जाताना टेलिफोनसुद्धा उपटून घेऊन गेले. शेजारच्या देशांनी ‘हो’ म्हटलं, त्यांचं चलन पॅरिसशी बांधलेलं राहिलं. जानेवारी 1994 मध्ये फ्रँकच्या तुलनेत त्याची किंमत एका दिवसात निम्मी झाली.

उत्तर लिहिताना चौथा रकाना आखा: जाताना काय नेलं, आणि काय ठेवून घेतलं?

मॉरिशसचा हा रकाना मी विद्यार्थ्यांकडून हमखास भरून घेते. तिथं उसाच्या मळ्यांवर गेलेल्या आपल्या लोकांची पाचवी-सहावी पिढी आजही गणपती बसवते, म्हणून पोरांना तो देश जवळचा वाटतो. स्वातंत्र्य 12 मार्च 1968. पण त्याआधी, नोव्हेंबर 1965 मध्ये, ब्रिटननं 30 लाख पौंड देऊन चागोस बेटं मॉरिशसपासून तोडली आणि त्यांतलं दिएगो गार्सिया अमेरिकेच्या लष्करी तळाला दिलं. तिथं राहणाऱ्या माणसांना 1973 पर्यंत बोटींत घालून मॉरिशसच्या आणि सेशेल्सच्या धक्क्यांवर उतरवलं. त्यांची कुत्री आधी कोंडून धुरानं मारली होती. आंतरराष्ट्रीय न्यायालयानं 25 फेब्रुवारी 2019 ला मत दिलं की मॉरिशसचं निर्वसाहतीकरण कायदेशीर रीतीनं पूर्ण झालेलंच नाही. मे 2025 मध्ये ब्रिटन आणि मॉरिशसनं करारावर सह्या केल्या. त्यात ठरलं ते असं: बेटांवर सार्वभौमत्व मॉरिशसचं, आणि दिएगो गार्सियाचा तळ 99 वर्षांच्या भाडेपट्ट्यानं ब्रिटनकडे. चागोसच्या म्हाताऱ्या बायका अजून त्या बेटावर आपल्या आईवडिलांच्या कबरींपाशी राहायला परत गेलेल्या नाहीत.